पंडिता रमाबाई, अमेरिका आणि आपले कलकत्ता

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सॉल्ट लेक येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी व्याख्यानाचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी इतिहासाचा व्यासंगी पंडित नव्हे. नोकरीच्या निमित्ताने कलकत्त्यास आलो, पुढे सॉल्ट लेकमध्ये घर केले आणि आपल्यापैकी अनेकांप्रमाणे येथलाच झालो. तेव्हा आज जे सांगणार आहे ते एका जिज्ञासू वाचकाचे सांगणे समजून ऐकावे, ही विनंती.

विषयाचे नाव ऐकून काहींना नवल वाटले असेल. मराठी मंडळाच्या महोत्सवात अमेरिकेतील प्रॉटेस्टंट धर्मश्रद्धेचे आणि समाजसुधारणेचे काय काम? परंतु महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाचा धागा हाती घेऊन मागे मागे जाऊ लागले, की तो एकीकडे बोस्टन-फिलाडेल्फियापर्यंत जातो आणि दुसरीकडे आपल्या या हुगळीच्या काठी येऊन पोहोचतो. त्या धाग्याच्या मध्यभागी एक मराठी स्त्री उभी आहे. तिचे नाव पंडिता रमाबाई.

हे नाव मी प्रथम ऐकले ते आजोळी. तेथे डॉक्टर आनंदीबाई जोशींची गोष्ट आम्हा मुलांना मोठ्या अभिमानाने सांगितली जाई. रमाबाईंचे नाव निघाले की मात्र आजीचा आवाज खाली येई. "फार विद्वान होती हो, पण बाटली," एवढे बोलून ती विषय बदलीत असे. त्या एका "पण"ने एक संपूर्ण आयुष्य झाकून टाकले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आज तो "पण" थोडा बाजूस सारून पाहावा, असा माझा हेतू आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. मराठी भाषा छापखान्यात शिरली ती पुण्यामुंबईच्या आधी येथे, कलकत्त्याच्या परिसरात. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविणारे विल्यम कॅरी यांनी वैजनाथ शर्मा नावाच्या पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. श्रीरामपूरच्या छापखान्यातून हे ग्रंथ बाहेर पडले. कॅरी इंग्रज बाप्तिस्त होते. पण त्यांच्या मागोमाग अमेरिकन लोकही येथेच उतरले. १८१२ च्या जून आणि ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेचे पहिले धर्मप्रचारक कलकत्त्याच्या बंदरात आले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते. शिवाय त्याच वर्षी इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपले होते. कंपनी सरकारने त्यांना देश सोडून जाण्याचा हुकूम दिला. त्यांच्यापैकी अडोनिराम जडसन याने येथील लालबाजारच्या प्रार्थनागृहात बाप्तिस्त पंथाची दीक्षा घेतली आणि तो ब्रह्मदेशास गेला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे सरकारची नजर चुकवून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. म्हणजे अमेरिकेची आणि महाराष्ट्राची पहिली गाठ पडली ती कलकत्त्याने हाकलून दिल्यामुळे, असे म्हटले तरी चालेल!

ही माणसे एवढ्या दूर का आली? त्या काळच्या अमेरिकेत एक मोठी धार्मिक लाट उसळली होती. गावोगावी, रानमाळावर मंडप उभारून दिवसच्या दिवस सभा चालत. चार्ल्स फिनीसारखे उपदेशक सांगत, की पाप हे माणसाच्या निवडीने घडते, म्हणून निवड बदलता येते. माणूस पालटला म्हणजे त्याने समाज पालटला पाहिजे, आणि देवाचे राज्य पृथ्वीवर आणण्याच्या कामास हातभार लावला पाहिजे. या शिकवणुकीत एक विलक्षण शक्ती होती. दारू हे पाप, तर दारूचे दुकान बंद करणे हे धर्मकृत्य. गुलामगिरी हे पाप, तर ती उद्याची वाट न पाहता आज संपविणे हे धर्मकृत्य. १८३३ मध्ये अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन झाली, तिच्यामागे हीच प्रेरणा होती. त्याच साली निघालेल्या ओबर्लिन कॉलेजाने पुढे कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना आपले दरवाजे उघडले. धर्मोपदेशकाची कन्या हॅरिएट बीचर स्टो हिची "अंकल टॉम्स केबिन" ही कादंबरी १८५२ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि तिने देश हलविला. आणि ज्या स्त्रिया गुलामांच्या मुक्तीसाठी व्यासपीठावर चढल्या, त्यांना लवकरच ध्यानात आले, की आपणालाही बोलण्याची मनाई आहे. १८४८ च्या जुलैत सेनेका फॉल्स येथील एका मेथडिस्ट प्रार्थनागृहात स्त्रियांच्या हक्कांची पहिली परिषद भरली. त्याच १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली.

हे दोन प्रसंग स्वतंत्र आहेत. परंतु त्यांच्यामध्ये एक पाऊलवाट आहे. जोतीरावांनी अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली होती, आणि तेथून त्यांना प्रेरणा मिळाली. पुढे १८७३ मध्ये "गुलामगिरी" हा ग्रंथ त्यांनी अर्पण केला तो अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी नीग्रो गुलामांना दास्यातून मुक्त केले म्हणून. पुण्यात बसलेल्या एका माळ्याच्या मुलाला अमेरिकेतील ही लढाई आपल्या घरची वाटली, यात सारे आले.

मात्र चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ज्या बायबलातून उत्तरेकडील माणसांना गुलामगिरीचे पाप दिसले, त्याच बायबलातील वचने काढून दक्षिणेकडील धर्मोपदेशक गुलामगिरीचे समर्थन करीत. याच प्रश्नावर मेथडिस्ट पंथ १८४४ मध्ये आणि बाप्तिस्त पंथ १८४५ मध्ये दुभंगला. धर्मग्रंथ एकच, देव एकच, आणि निष्कर्ष परस्परविरुद्ध! आम्हा हिंदूंना याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. आमच्याकडेही विधवाविवाहाच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडचे शास्त्री एकाच स्मृतीची पाने उलटीत होते. धर्म सुधारणेचा मित्र की शत्रू, या प्रश्नाला मला एकच प्रामाणिक उत्तर सुचते : ग्रंथ कोणाच्या हाती आहे आणि तो कोणाचे दुःख डोळ्यांपुढे ठेवून वाचतो, यावर ते अवलंबून असते.

आता रमाबाईंकडे वळू. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि तिने मुलीला. तीर्थयात्रा, पुराणकथन, पायपीट हेच त्या कुटुंबाचे आयुष्य. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे, रमा आणि श्रीनिवास, पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास आली. वीस वर्षांची ही मराठी मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते, हजारो श्लोक मुखोद्गत म्हणते, हे पाहून येथील पंडित थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेऊन तिला "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. बंधुभगिनींनो, महाराष्ट्राने ज्या नावाने तिला पुढे ओळखले, ते नाव तिला या नगरीने दिले आहे. याच नगरीत केशवचंद्र सेनांनी तिच्या हाती वेदाची प्रत ठेवली. तोपर्यंत स्त्रीने वेद वाचावयाचे नसतात अशीच तिची समजूत होती. बंगालनेच तिला पतीही दिला. १८८० मध्ये भावाच्या मृत्यूनंतर तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो तिच्या जातीचा नव्हता, भाषेचा नव्हता. आज आपल्या मंडळात मराठी-बंगाली घरे अनेक आहेत आणि त्यांच्या मुलांना दोन्हीकडचे लाड मिळतात. १८८० मध्ये मात्र त्या दोघांच्या वाट्याला बहिष्कार आला. दीड-पावणेदोन वर्षांत, १८८२ च्या फेब्रुवारीत, पती वारले. तान्ह्या मनोरमेला घेऊन ती महाराष्ट्रात आली.

पुण्यात तिने आर्य महिला समाज स्थापिला, हंटर कमिशनपुढे स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची निकड मांडली. १८८३ मध्ये ती इंग्लंडला गेली, आणि तेथे वाँटेज येथे त्याच वर्षी तिने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. येथेच आमच्या आजीचा "पण" येतो. परंतु पुढची हकीकत पाहा. दीक्षा दिलेल्या धर्मभगिनींनी "आता आम्ही सांगू ते मानावे" अशी अपेक्षा धरली, तेव्हा रमाबाईंनी ती साफ नाकारली. सद्‌सद्विवेकबुद्धीला न पटणारे मत कोणत्याही धर्मगुरूच्या आज्ञेने मी स्वीकारणार नाही, असा तिचा बाणा होता. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मान काढली ती दुसऱ्या पुरोहितशाहीच्या जोखडात घालण्यासाठी नव्हे, हे तिने इंग्रज गुरूंनाही बजावले.

अमेरिकेस ती गेली ते आनंदीबाईंच्या निमित्ताने. आणि येथे पुन्हा आपले बंगाल येते. गोपाळराव जोशी श्रीरामपूर येथे पोस्टात नोकरीस होते. त्यांनी पूर्वी कोल्हापूरच्या अमेरिकन मिशनरीमार्फत पत्नीच्या शिक्षणासाठी लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापले गेले होते. "ख्रिस्ती व्हा" हा सल्लाही सोबत होताच. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती आला, आणि त्यांनी कोणतीही अट न घालता या अनोळखी मुलीला आपल्या घरी बोलाविले. १८८३ च्या आरंभी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण करून सांगितले, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ज्या कॉलेजचे संस्थापक मिशनरी, त्याच्याच सभागृहात अठराव्या वर्षी हे बोलण्यास धैर्य लागते. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याच्या बंदरातून त्यांची बोट सुटली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांना पदवी मिळाली, त्या समारंभास दूरच्या नात्यातल्या रमाबाई खास इंग्लंडहून आल्या होत्या.

क्षणभर त्या सभागृहाची कल्पना करा. दोन मराठी स्त्रिया. एक हिंदू राहिलेली, एक ख्रिस्ती झालेली. दोघींवर प्रेम करणारे अमेरिकन लोक तेच. कॉलेजच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली यांनी आनंदीबाईंना मुलीप्रमाणे सांभाळले, आणि रमाबाईंच्या "द हाय-कास्ट हिंदू वुमन" या १८८७ मधील पुस्तकाला प्रस्तावनाही त्यांनीच लिहिली. दुर्दैवाने ते पुस्तक छापून होण्याच्या सुमारासच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात निवर्तल्या. रमाबाईंनी ते आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले.

रमाबाई काही आठवड्यांसाठी गेल्या होत्या, त्या तेथे अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. किंडरगार्टनची पद्धत शिकल्या, गावोगाव व्याख्याने दिली, दारूबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेच्या फ्रान्सेस विलर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. जे पाहिले ते त्यांनी "युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त" या मराठी ग्रंथात लिहिले. तो १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील राज्यपद्धती, शिक्षण, धर्मपंथ, दानधर्म आणि स्त्रियांची स्थिती यांचे एवढे साक्षेपी वर्णन त्यापूर्वी मराठीत झाले नव्हते. ग्रंथात कौतुक आहे, पण भाबडेपणा नाही. मूळच्या आदिवासींवर आणि कृष्णवर्णीयांवर होणारा अन्याय तिच्या नजरेतून सुटलेला नाही. ज्या स्त्रिया एवढ्या संस्था चालवितात, त्यांना मतदानाचा हक्क नाही, हेही तिला दिसले. तो हक्क सबंध देशात मिळण्यास पुढे १९२० साल उजाडावे लागले.

तिचे लक्ष सर्वांत अधिक वेधले ते एका साध्या गोष्टीने. त्या देशात राजाश्रय असलेला एकही धर्मपंथ नाही. देवळाला इनाम नाही, संस्थानाचा वर्षासन नाही. प्रत्येक प्रार्थनागृह, शाळा, अनाथालय हे सभासदांच्या वर्गणीवर चालते. श्रद्धेची सुधारणा होते ती या वर्गणीच्या वहीतून. स्त्रिया घरोघर हिंडून पैसा पैसा जमवितात, सभेचे इतिवृत्त लिहितात, हिशेब छापून सर्वांपुढे ठेवतात. प्रवचनाने पेटलेले मन दुसऱ्या दिवशी कामाला जुंपण्याची ही विद्या रमाबाईंनी हस्तगत केली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावी मंडळे निघाली, आणि प्रत्येक सभासदाने वर्षाला एक डॉलर, अशी दहा वर्षे द्यावयाचा, असा नेम ठरला. संस्थेचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, फ्रान्सेस विलर्ड मेथडिस्ट; इतरही पंथांचे लोक त्यात होते. येशूच्या देवत्वाविषयी ज्यांचे आपसात जमत नव्हते, ते लोक हिंदुस्थानातील न पाहिलेल्या विधवांसाठी एका वहीत सही करते झाले. आणि त्यांनी अट घातली ती ही, की या शाळेत धर्मप्रचार होऊ नये.

११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानास बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार होते. पहिल्या विधवा विद्यार्थिनीचे नाव गोदूबाई. काही वर्षे सर्व सुरळीत चालले. मग वादळ उठले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. मुलींना यावयास सांगितलेले नाही, तर जाण्यासही सांगणार नाही. माझ्या घरात माझ्या देवाची प्रार्थना मी दार लावून करणार नाही, असे त्यांचे म्हणणे. सल्लागारांचे म्हणणे, की कोवळ्या, निराधार मुलींच्या बाबतीत उघडे दार हेही आमंत्रणच. "केसरी"ने कडाडून टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

यात चूक कोणाची? मी पुष्कळ दिवस यावर विचार केला आहे. रानडे-भांडारकरांची शंका निराधार नव्हती. जिच्या हातून अन्न, वस्त्र, अक्षर सारे मिळते, तिच्या देवाकडे मूल ओढले जाणारच, आणि पुढे काही मुली ख्रिस्ती झाल्याही. आश्रय देणाऱ्याच्या हाती जी सत्ता असते, तिची जाणीव रमाबाईंनी अधिक ठेवावयास हवी होती, असे मला वाटते. परंतु आपल्या समाजाला दुसराही प्रश्न विचारला पाहिजे. त्या मुलींची डोकी भादरून त्यांना कोपऱ्यात बसविले, तेव्हा हा कळवळा कोठे होता? मुलगी उपाशी असताना जो फिरकला नाही, तो ती परक्याच्या पंक्तीस बसली म्हणून रागावला, तर त्या रागाला फारशी किंमत देता येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्येच "सत्सार"मध्ये रमाबाईंची बाजू घेतली होती, ती याच न्यायाने.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुली मृत्यूच्या दाढेतून काढून केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. दहा वर्षांची मुदत संपताच १८९८ मध्ये अमेरिकेस जाऊन त्यांनी हिशेब दिला. त्यानंतरची त्यांची संस्था उघड ख्रिस्ती राहिली. अखेरच्या वर्षांत मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

आणि ती पहिली विद्यार्थिनी गोदूबाई? तिचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. ती आनंदीबाई कर्वे झाली. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला. त्यातून १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. शारदा सदनाची उणीव ओळखून, हिंदू समाजाचा विश्वास न गमावता तेच काम करावयाचे, हा कर्व्यांचा निश्चय होता. बोस्टनच्या कोणा गृहिणीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिलेला एक डॉलर हिंगण्याच्या माळावर असा उगवला. आपल्या आया, आज्या, मावश्या यांपैकी कितीजणी तेथे शिकल्या असतील! त्यांच्या अक्षरओळखीत त्या अनोळखी बाईचाही वाटा आहे.

आता समारोप करतो. आपण ज्या भूमीवर बसलो आहोत, ती १९६० च्या सुमारास खाऱ्या पाण्याची दलदल होती. हुगळीचा गाळ नळांनी आणून ती भरली, तेव्हा येथे घरे उठली. तशीच आपली ही संस्था पन्नास वर्षे वर्गणीच्या छोट्या छोट्या रकमांनी भरून काढली आहे. गणेशोत्सव, कोजागिरी, नाटके, संक्रांतीचे हळदीकुंकू हे सारे त्यातून झाले, आणि ते व्हावेच. मात्र आपली वर्गणी केवळ आपल्यापुरती राहिली, तर रमाबाईंना "पंडिता" म्हणणाऱ्या या नगरीचे ऋण फिटणार नाही.

म्हणून एक सूचना नम्रपणे मांडतो. आपल्या घरी धुणीभांडी करावयास ज्या बाया येतात, त्यांच्या मुली कितव्या इयत्तेत शाळा सोडतात, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले आहे? मंडळाच्या वर्गणीच्या वहीत एक रकाना वाढवावा. प्रत्येक घराने वर्षाला ठरावीक रक्कम द्यावी, दहा वर्षांसाठी. त्यातून काही मुलींचे शिक्षण शेवटपर्यंत व्हावे. मुलगी कोणत्या धर्माची, कोणती भाषा बोलणारी, हे विचारू नये. आणि मदतीच्या बदल्यात तिच्याकडून कृतज्ञतेखेरीज काही, किंबहुना कृतज्ञताही, मागू नये. दहा वर्षांनी हिशेब छापून सर्वांपुढे ठेवावा.

तसे झाले तर साठाव्या वर्षीच्या स्मरणिकेत लिहावयास आपणांपाशी काही अधिक असेल. आणि माझ्या आजीच्या त्या वाक्यातील "पण"च्या जागी एक "आणि" घालता येईल.